फळ्यावरची तारीख

विद्यापीठाच्या एखाद्या विभागातली बातमी वर्तमानपत्रात क्वचितच येते. आलीच तर नवी इमारत, पाहुणे, दीपप्रज्वलन आणि फोटो. खऱ्या बातम्या असतात विभागाच्या दाराशेजारच्या फळ्यावर, आणि अलीकडे संकेतस्थळावर. प्रवेशपरीक्षेची तारीख. गुणवत्ता यादी. अमुक प्राध्यापकांचं व्याख्यान, दुपारी अडीच वाजता. प्रकल्पाचा अहवाल देण्याची शेवटची मुदत. मुलाखती घ्यायला येणाऱ्या कंपनीचं नाव. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. चार ओळी आणि खाली सही. त्यात वाचण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण सारी नोकरी बँकेची परिपत्रकं वाचण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे करणारा मजकूर बहुतेक वेळा असाच कोरडा असतो.

पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग १९८० साली सुरू झाला. तेव्हा घरात किंवा कचेरीत टेबलावर ठेवायचा संगणक ही कल्पनाच लोकांना नव्हती. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात यायला अजून एक वर्ष होतं. त्या काळात या विषयाचा स्वतंत्र विभाग काढणाऱ्यांना द्रष्टे म्हणायला हरकत नाही. पुढे १९८८ मध्ये प्रगत संगणनासाठीची सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि विद्यापीठाच्याच आवारात नांदली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तो तिथलाच. विद्यापीठाला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. विभागात एम.एस्सी., एम.सी.ए., एम.टेक. शिकवतात. प्रवेशपरीक्षा देऊन आत शिरायचं आणि शेवटचं सत्र एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करत काढायचं, अशी तिथली रीत. थोडक्यात, फळ्यावरची प्रवेशाची तारीख ज्याने वेळेवर वाचली, त्याला दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी नोकरीचं दार दिसू लागतं.

हा फळा भोरपासून आणि वेल्ह्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. एसटीने स्वारगेटला उतरायचं आणि दुसरी बस धरून गणेशखिंडीत जायचं. पोहोचायला अर्धा दिवस पुरे. पण खरं अंतर किती, ते मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

भोरच्या शाखेत मी ऐन उमेदीची काही वर्षं काढली. त्या वेळच्या खातेदारांपैकी काही घरं अजून धरून आहेत. वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत असंच एक घर आहे. आजोबांनी आमच्याकडून दोन म्हशींसाठी कर्ज घेतलं होतं आणि शेवटचा हप्ता भरायला ते आंबेमोहराचं गाठोडं घेऊन आले होते. त्यांची नात यंदा गणित घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. घराण्यातली पहिली पदवीधर. पेढे घेऊन आली तेव्हा मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, ‘‘काका, संगणकशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. विद्यापीठात. पण फॉर्मची मुदत संपलीय म्हणे. तीन आठवडे झाले.’’

‘‘तुला कळलं कधी?’’

‘‘परवा. नसरापूरला मामाकडे गेले होते, तिथे एका मैत्रिणीने सांगितलं.’’

कुणावर राग काढावा, असं तिच्या गोष्टीत कुणी नव्हतं. विभागाने तारीख जाहीर केली होती. पोरीने अभ्यास केला होता. शिकवणारे सर तासिका तत्त्वावरचे, दोन महाविद्यालयांत धावाधाव करून पोट भरणारे. त्यांनी आणखी काय काय सांगायचं? वाडीत मोबाइलची रेंज घराच्या मागच्या टेपावर चढलं की येते, पावसाळ्यात तीही नाही. संकेतस्थळावर मजकूर इंग्रजीत. आणि तो रोज उघडून बघायचा असतो, हे सांगणारं माणूस घरात नाही. पुण्यातल्या प्राध्यापकाच्या मुलाला ही गोष्ट कुणी शिकवत नाही, त्याला ती जेवणाच्या टेबलावर आपोआप कळते. इथे जेवताना भाताचं आवण, पाऊस आणि वाटणीचा दावा यांवर बोलणं होतं.

तिचे वडील मात्र निर्धास्त होते. ‘‘कॉम्प्युटर झालाय की तिचा, साहेब. सर्टिफिकेट भिंतीला लावलंय, ते बघा.’’

भिंतीवर ‘एमएस-सीआयटी’चं प्रमाणपत्र होतं. मला त्या अभ्यासक्रमाबद्दल आदर आहे. २००१ मध्ये एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि त्या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलामुलींच्या मनातली संगणकाची भीती घालवली. सरकारी नोकरीसाठी तो लागू लागल्यावर तर एसटी स्टँडासमोर, किराणा दुकानाच्या माडीवर वर्ग निघाले. पण यंत्र वापरता येणं निराळं आणि यंत्राला विचार करायला लावणं निराळं. ‘कॉम्प्युटर झाला’ या दोन शब्दांत आपल्याकडे दोन्हींची इतकी सरमिसळ झाली आहे, की संगणकशास्त्र हा शिकण्याचा विषय आहे, हेच पुष्कळ घरांना ठाऊक नाही. त्या बापाला फरक समजावून सांगायला मला शेवटी आमच्या भोर शाखेतला एक जुना प्रसंग सांगावा लागला.

बँकांत यंत्रं आणण्याबाबत कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात १९८३ मध्ये करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीने शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आणायची शिफारस केली. तालुक्याच्या शाखांपर्यंत ती यायला वेळ लागला. आली तेव्हा त्यांच्यासाठी थंड हवेची खोली बांधली गेली, आणि भोरच्या जुलैतल्या चिखलात लडबडलेले बूट-चपला दाराबाहेर काढून आम्ही देवळात शिरावं तसे आत शिरत असू. तोवर सारा हिशेब हाती होता. महिनाअखेरीला खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही, की रात्रीचे दहा वाजले तरी घरी जायची सोय नसे. अशा वेळी आमचे एक वयस्कर हेड कारकून फरकाचा आकडा पाटीवर घेत आणि पहिल्यांदा त्याला नवाने भागत. भाग पूर्ण गेला तर म्हणत, ‘‘आकडे उलटलेत. रक्कम चुकलेली नाही, बोट चुकलंय.’’ ४५० ऐवजी ५४० लिहिलं तर फरक ९०. ८१ ऐवजी १८ लिहिलं तर ६३. शेजारशेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरकाला नऊने भाग जातोच. मग हजार खाती न तपासता नेमकं काय शोधायचं ते कळे आणि साडेदहाची शेवटची गाडी सापडे.

आता हे पाहा. आपल्या प्रत्येकाच्या आधार क्रमांकात बारा आकडे आहेत. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो काढायची रीत व्हर्हूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. कुणी एक आकडा चुकवला, किंवा शेजारचे दोन उलटे लिहिले, तर यंत्र तिथल्या तिथे सांगतं, हा क्रमांक असूच शकत नाही. म्हणजे आमच्या हेड कारकुनांनी जी चूक रात्री दहाला पकडली, ती घडतानाच पकडायची. हेड कारकुनांची पाटी ते ही रीत, यांच्या मधली वाट म्हणजे संगणकशास्त्र. टाइप करणं त्यात येतं, पण जोंधळ्याच्या शेतात बुजगावणं येतं तेवढंच.

वडिलांनी मान डोलावली. त्यांना कितपत पटलं, सांगता येत नाही. मुलगी मात्र उठून वही घेऊन आली.

मी तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा खेळ घालून दिला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी बोलत. १९४९ मध्ये त्यांना एक गंमत सापडली. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त सगळे आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. उत्तरावर तेच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच मुक्काम करतं. आम्ही विभागाच्या जन्माचं साल घेतलं. १९८०: ९८१० वजा ०१८९, आले ९६२१. ९६२१ वजा १२६९, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. जगभरची मुलं प्रोग्रॅम लिहायला शिकताना हा खेळ यंत्राकडून खेळून घेतात. त्यातल्या किती जणांना देवळाली ठाऊक असते, देव जाणे.

पोरगी वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, यातल्या सगळ्या उत्तरांना नऊने भाग जातोय. तुमच्या बँकेतलंच झालं की हे.’’

हे मी तिला सांगितलं नव्हतं.

या भागाचं एक जुनं दुखणं आहे. भाटघरचं धरण भोर तालुक्यात, १९२८ सालचं. पण निरेच्या पाटांचं पाणी बारामतीला आणि फलटणला. पानशेत वेल्ह्यात, त्याचं पाणी पुण्याच्या नळांना. गुंजवणीचंही धरण वेल्ह्यातच. पाणी खाली जातं, हा निसर्गनियम झाला. पण ज्ञानाला उतार नसतो, ते वर चढवावं लागतं. आणि ते चढवता येतं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. २०२४ मध्ये तिच्या कामासाठी ‘परम रुद्र’ हा महासंगणक मिळाला. दक्षिण टोकाला काहीच नाही असंही नाही. भोरला महाविद्यालय आहे, विंझरला आहे, महामार्गावर धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वेल्हे तालुक्याला राजगडचं नाव द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. नाव मोठं मिळालं. आता त्या नावाच्या तालुक्यात गणेशखिंडीतला कागद वेळेवर पोहोचावा, एवढंच मागणं आहे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम काढतो. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्याच्या सी-डॅकने केलं. विद्यापीठाच्या आवारात देवनागरी पडद्यावर उमटली, आणि त्याच आवारातली सूचना देवनागरीत नाही! शिक्षण इंग्रजीतून राहील तर राहो. तांत्रिक शिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. तो वाद विद्वानांनी घालावा. मी मागतोय ते फार लहान आहे. अर्ज कधी, कुठे, किती पैशांत, परीक्षेत काय विचारतात, वसतिगृह मिळतं का, ‘कमवा व शिका’ योजनेत काम मिळेल का, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून कधीपर्यंत काढून ठेवायचा. एक पान, मराठीत.

आणि ते पान घेऊन कुणीतरी यायला हवं. आमच्या बँकेत शेती अधिकारी नावाचा प्राणी असे. मोटारसायकलवर फिरायचा, पावसात भिजायचा, चावडीवर बसून चहा प्यायचा आणि ‘विहिरीला कर्ज मिळतं’ एवढं एकच वाक्य दहा गावांत सांगायचा. कर्ज योजनेचं परिपत्रक शाखेच्या फळ्यावर लावलेलं असेच, पण ते वाचून कर्ज मागायला आलेला शेतकरी मी एकही पाहिला नाही. माणूस आले ते शेती अधिकाऱ्याच्या मागून. विभागाच्या माजी विद्यार्थ्यांत भोर-वेल्ह्याची, मावळ-मुळशीची मुलं असणारच. वार्षिक मेळाव्याला ती हौसेने जमतात, फोटो काढतात. त्यातल्या दोघांनी डिसेंबरातला एक शनिवार विंझरला आणि एक भोरला काढला, तर मेळाव्याचं जेवण अधिक गोड लागेल असं मला वाटतं.

मुलगी हे वर्ष घरी आहे. सोयरिकीची बोलणी दिवाळीनंतर सुरू होतील, असं आजी मला दोनदा ऐकवून गेली. वडिलांनी ‘‘एक वर्ष बघू’’ म्हटलं आहे, एकच. सकाळी ती खाचरात असते. बुधवारी आणि शनिवारी नसरापूरला मामाकडे जाते, कारण तिथे रेंज आहे. जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेते, गणित आणि तर्काची उदाहरणं सोडवते, अडलेली मला फोनवर विचारते. मला त्यातली निम्मी येत नाहीत. मग ती दुसऱ्या दिवशी स्वतःच सोडवून पुन्हा फोन करते.

मागच्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती वडिलांना घेऊन तहसील कचेरीत गेली होती. कारकुनाने विचारलं, एवढी घाई कशाला, अजून पुष्कळ महिने आहेत. तिने सांगितलं, तारीख अजून लागलेली नाही, म्हणूनच.