न तपासता केलेली सही

नांदेडहून नायगाव, नरसी, देगलूर या मार्गाने तेलंगणाकडे जाणारे मालट्रक रात्रभर धावत असतात. चालकाच्या दृष्टीची ग्वाही देणारा कागद म्हणजे ‘नमुना १-अ’. परवाना काढताना व त्याचे नूतनीकरण करताना तो द्यावा लागतो. २५ मीटरवरील वाहनक्रमांक वाचता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, हे त्यात नोंदवायचे असते. आणि उमेदवारास आपण स्वतः तपासले, असे डॉक्टर लिहून देतात.

हा डॉक्टर सरकारने नेमलेला असावा, एवढेच १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. त्याच्या खास प्रशिक्षणाविषयी तो मौन पाळतो. अमेरिकेत २०१४ पासून अशा तपासनिसाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने आपल्याकडे या परवान्याची सर्वसाधारण मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. एवढ्या अवधीत मधुमेह डोळ्यांत उतरू शकतो. तपासणी विरळ झाली, तर ती अधिक कसोशीची हवी. न तपासता केलेल्या सहीने चालकाची रोजी टिकते खरी. परंतु तिची किंमत त्यालाच, आणि रस्त्याकडेने शाळेला निघालेल्या पोरांनाही, मोजावी लागते.