बांधणे म्हणजे उपचार नव्हे
मनोरुग्णाला बांधावेच लागते, तोही उपचारच, अशी नांदेड-लातूरकडे पुष्कळांची समजूत असते. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वेगळे सांगतो. शारीरिक निर्बंध (धरून किंवा पट्ट्याने हालचाल रोखणे) फक्त तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच. एसटीतल्या ‘संकटकाळी बाहेर पडण्याच्या मार्गा’ने कोणी रोज उतरत नाही, तसेच हे. साखळदंड आणि एकांतकोठडीला तर साफ बंदी आहे. कर्मचारी अपुरे असतात, हा आक्षेप खोटा नाही. पण कलम 97 नेमके तेच कारण नाकारते, आणि शिक्षा म्हणून बांधणेही. बांधल्या गेलेल्याला मात्र ते अनेकदा शिक्षाच वाटते. म्हणून पद्धत, कारण आणि कालावधी लगेच नोंदवून नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती) 24 तासांत कळवावे लागते. लातूरहून पुण्याचे येरवडा मनोरुग्णालय तीनशेवर किलोमीटर. एवढ्या लांब रुग्ण ठेवणाऱ्या घरातल्या अशा प्रतिनिधीला तो निरोप मागण्याचा हक्क आहे.