सीमेवरचा नळदुर्ग

बॉथेलमध्ये पावसामुळे मुलं दिवाळीचा किल्ला गराजमध्ये करतात. तो रायगड असतो, नाहीतर सिंहगड. नळदुर्ग कुणीच करत नाही. मी सोलापूरची, त्यामुळे मला हे जरा खटकतं.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा किल्ला मराठ्यांचा नव्हता, म्हणून आपल्या यादीत नसावा. बहमनी, मग आदिलशाही, आणि शेजारी निजामशाही टपलेली. पण बोरी नदीचा इतका धूर्त उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादिनने नदीवर धरण बांधून नळदुर्ग समोरच्या रणमंडळाला जोडला. धरणाच्या पोटातच पाणीमहाल! पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि आतल्या सज्जात आपण कोरडे.

एस्टोनियात नार्व्हाचा किल्ला आणि नदीपलीकडे रशियाने 1492 मध्ये बांधलेला इव्हानगोरोद अजूनही समोरासमोर आहेत. तिथे आजही सीमा आहे. नळदुर्गची सारखी हलली. औरंगजेब, मग हैदराबादचा निजाम, 1853 मध्ये इंग्रज (कादंबरीकार मेडोज टेलर इथेच राहून कारभार बघायचा), 1860 मध्ये पुन्हा निजाम. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने बोरीवरचा पूल आणि किल्ला ताब्यात घेतला.

सीमा गेली. माझी आजी मात्र शेवटपर्यंत नळदुर्गला जाण्याला ‘मोगलाईत जाणं’च म्हणायची.