एक सीट, तिघांचा खो

नव्या रायपुरात रस्त्यांना तोटा नाही. रुंद, सरळसोट, मधे झाडांची रांग, आणि रविवारी सकाळी बहुतेक रिकामे. अशा रस्त्यावर गाडी घातली की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो. लोखंडालाही इथं कमी नाही. भिलाईचा पोलाद कारखाना तासाभरावर आहे, उरला आणि सिलतऱ्याला रोलिंग मिल आहेत. नाही तो एक शर्यतीचा ट्रॅक. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. यातलं कुठलंही गाठायचं तर रायपूरहून हजार किलोमीटर मोडतात. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात दहा वर्षांचं पोर "मला रेसर व्हायचंय" म्हणालं, तर आईबाबा मोबाइलवर फॉर्म्युला वनचा खर्च शोधतात, आकडा वाचतात आणि विषय बदलतात.

त्यांचं फारसं चुकत नाही. फक्त त्यांनी शोधायचा शब्द दुसरा आहे.

फॉर्म्युला वनमध्ये जगभरात मिळून वीस जागा होत्या. २०२६ पासून बावीस झाल्या. याउलट फ्रान्समधल्या ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत अलीकडे ६२ गाड्या उतरतात आणि प्रत्येक गाडीत आळीपाळीनं तिघं बसतात. म्हणजे एका शनिवार-रविवारी १८६ चालक. यात जगज्जेते असतात, कारखान्यांनी पगारावर ठेवलेले व्यावसायिक असतात, आणि आठवडाभर कचेरी सांभाळून हौस म्हणून आलेले उद्योजकही असतात. या प्रकाराला एन्ड्युरन्स रेसिंग म्हणतात. आपल्याकडे गवयाच्या बाबतीत दमसास हा शब्द वापरतात, तोच इथं चपखल बसतो. ल माँची शर्यत १९२३ पासून चालू आहे. १३.६२६ किलोमीटरच्या तिथल्या चकरीचा बराचसा भाग एरवी साधा रहदारीचा रस्ता असतो, हे नव्या रायपूरच्या रस्त्यांवर हात शिवशिवणाऱ्यांना कदाचित आवडेल. अर्थात शर्यतीच्या आठवड्यात तो रीतसर बंद केलेला असतो.

भारतात एन्ड्युरन्स रेसिंग हा शब्द घरोघरी पोचला तो २०२५ च्या जानेवारीत. तमिळ अभिनेते अजित कुमार यांच्या संघानं दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला आणि तिरंगा फडकवतानाचे त्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. पण आजच्या बहुतेक चालकांची सुरुवात ज्या वस्तूतून होते ती दिसायला अगदीच खेळण्यासारखी असते.

गो-कार्टला स्प्रिंग नसते, शॉक ॲब्सॉर्बर नसतो, छप्पर नसतं. सीट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. गंमत मागच्या चाकांत आहे. बैलगाडीची दोन चाकं आपापली फिरतात, म्हणून ती सहज वळते. कार्टचा मागचा आस एकसंध असतो आणि मधे डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे दोन्ही चाकांना सारख्याच वेगानं फिरावं लागतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मग कार्ट वळतं कसं? आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जातं. पुढच्या चाकांची ठेवण आणि नळ्यांच्या सांगाड्याची लवचीकता यांमुळे हे घडतं, पण ते नेमकं कधी आणि किती उचलू द्यायचं हे पोराच्या हातात असतं. स्टिअरिंग जास्त पिळलं तर वेग मरतो, कमी पिळलं तर कार्ट सरळ गवतात. स्प्रिंगच नसल्यानं ट्रॅकचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. टायरची पकड किती उरली आहे हे डोळ्यांआधी बरगड्यांना कळायला लागतं, आणि हे ज्ञान सात-आठ वर्षांच्या वयात अंगात भिनलं की पुढं कुठल्याही गाडीत साथ देतं. मोठ्या वयात ते शिकवून येत नाही, असं या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं मत आहे.

मराठी मुलखात या शाळेचं एक ठिकाण कोल्हापूर आहे. हे ऐकून पुणे-मुंबईकर जरा चमकतात. कुस्ती, फुटबॉल आणि रांगड्या बुलेटच्या या शहराजवळ मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झालेल्या आहेत. रोटॅक्स मॅक्स म्हणजे १२५ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. सगळ्यांना सारखंच, म्हणजे फरक चालवणाऱ्यात. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या अमिओ कप मालिकेचा विजेता ठरला. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये डबल आर संघाकडून उतरला. आखाड्यात लहानपणापासून घुमलेला पैलवान आणि कार्टमध्ये वाढलेला चालक यांच्यात साम्य आहेच. दोघांचीही ताकद मानेत दिसते.

कार्टिंगपुढची पायरी म्हणजे एकच सीट असलेली फॉर्म्युला गाडी. एलजीबी फॉर्म्युला फोर आणि एमआरएफच्या मालिका दक्षिणेत कैक वर्षं आहेत. एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेची इंडियन एफ फोर मालिका २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिची गाडी चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या शहरी रस्त्यांवर, रात्रीच्या दिव्यांत धावली. कुठल्याही अधिकृत शर्यतीसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. इथवरचा खर्च काही लाखांच्या भाषेत चालतो. युरोपात पाऊल टाकलं की भाषा कोटींची होते, आणि गुणवान पोरांची गळती इथंच सुरू होते.

या वाटेनं शेवटपर्यंत गेलेल्यांत अर्जुन मैनीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो बंगळूरचा, जन्म डिसेंबर १९९७ चा. घर उद्योजकाचं, त्यामुळे सुरुवातीची काळजी इतरांपेक्षा कमी होती, हे मान्य करून पुढं जाऊ. फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघानं २०११ मध्ये 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम काढली आणि देशभरातली कार्टिंगची पोरं चाळून तिघं निवडले. अर्जुन त्यातला एक होता, मुंबईचा जेहान दारूवाला दुसरा. २०१४ मध्ये इंग्लंडच्या बीआरडीसी फॉर्म्युला फोरमध्ये अर्जुनचं विजेतेपद अवघ्या काही गुणांनी हुकलं. त्याला मागं टाकणारा मुलगा म्हणजे पुढं फॉर्म्युला वन गाठलेला जॉर्ज रसेल. पुढं २०१७ मध्ये बार्सिलोनाला त्यानं फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खालच्या जीपी थ्री मालिकेतली शर्यत जिंकली, जी त्याआधी कुणा भारतीयानं जिंकली नव्हती. फॉर्म्युला वनमधल्या हास संघानं त्याला डेव्हलपमेंट ड्रायव्हर म्हणून घेतलं. फॉर्म्युला वनचं दार हाताच्या अंतरावर आलं होतं.

मग आलं २०१८ चं, फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला टू मालिकेचं वर्ष. सिल्व्हरस्टोनला शर्यत संपल्यानंतरच्या संथ फेरीत त्याच्याच ट्रायडंट संघातल्या सॅन्टिनो फेरुचीनं आपली गाडी अर्जुनच्या गाडीवर घातली. फेरुचीवर चार शर्यतींची बंदी आली, दंड झाला आणि संघानं त्याच्याशी करार तोडला. प्रसंग टोकाचा खरा, पण त्यामागची रचना रोजची आहे. फॉर्म्युला गाड्यांत दोघांकडे सारखंच यंत्र असतं, म्हणून तुलना सगळ्यात आधी संघातल्या जोडीदाराशी होते. त्याला हरवणं हे तुमचं पहिलं काम.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, अर्जुन ल माँला आरएलआर एमस्पोर्ट संघाच्या गाडीत होता. जोडीला फ्रान्सचा नॉर्मन नातो आणि कॅनडाचे जॉन फरानो. इथं जोडीदाराला हरवून काहीच हाती लागत नाही. त्यानं टायर झिजवले तर पुढच्या पाळीत ते तुमच्या वाट्याला येतात. त्यानं गाडी भिंतीवर घातली तर तुम्ही घरी.

खो-खो खेळलेल्या माणसाला ही शर्यत लगेच समजेल. आपला खो येईपर्यंत बसून राहायचं, आणि आला की क्षणात उठायचं. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर येते, इंधन भरायला सुरुवात होते, दार उघडतं, एक जण बाहेर, दुसरा आत. बाहेर आलेलाच वाकून आत बसणाऱ्याचे पट्टे आवळतो. प्रत्येकाची उंची-जाडी वेगळी, म्हणून ज्याच्या त्याच्या मापाचा गादीसारखा इन्सर्ट असतो. तो काढून दुसरा टाकायचा. हे सगळं सेकंदांत. ल माँच्या नियमानं कुणालाही सहा तासांच्या टप्प्यात चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक चालवता येत नाही. मधल्या वेळात खायचं, अंग दाबून घ्यायचं आणि बाहेर इंजिनं किंचाळत असताना झोपायचं. झोप लागणं हेसुद्धा इथं कौशल्यात धरतात.

आणि रात्र. ट्रॅकवर एकाच वेळी तीन गटांच्या गाड्या असतात: सगळ्यात वेगवान हायपरकार, त्याखाली एलएमपी टू, आणि शोरूममधल्या स्पोर्ट्स कारच्या वंशातल्या जीटी थ्री. जीटीवाल्याच्या आरशात सतत कुणाचे तरी दिवे वाढत असतात. पुढं जाऊ द्यायचं, पण आपली लय तुटू द्यायची नाही. कार्टिंगमध्ये दहा-पंधरा मिनिटं जीव तोडून पळालेल्या पोराला इथं पहिल्यांदा हातचं राखून चालवायला शिकावं लागतं. ही शिकवणी कठीण जाते. सगळ्यात वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, मारण्याची खोड लवकर सुटत नाही.

आता पैशाचं. एफआयए लांब पल्ल्याच्या चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा श्रेणी देते. ब्रॉन्झ म्हणजे ढोबळमानानं हौशी. ल माँच्या जीटी थ्री गटात प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ सक्तीचा आहे. एलएमपी टूमध्ये निदान एक सिल्व्हर किंवा ब्रॉन्झ लागतो. हा ब्रॉन्झ पुष्कळदा पैसा घेऊन येतो, आणि त्याला त्याच गाडीत तरणा, वेगवान, भरवशाचा जोडीदार हवा असतो. थोडक्यात, फॉर्म्युलात ज्या पोराला सीटसाठी पैसे मोजावे लागायचे, त्याला इथं सीटवर बसायचे पैसे मिळू शकतात. फॉर्म्युला वन हुकलेल्यांची ही धर्मशाळा आहे असं कुणी म्हटलं तर ते अर्धवट आहे. इथं आयुष्यभराची नोकरी होते.

त्यात नशीबही बसलेलं असतं. २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन ल माँला कोलेस संघाच्या ऑडीत चालवणार होते. फॉर्म्युला वन गाठणारे ते पहिले भारतीय. ल माँमध्येही पहिले ठरणार होते. शर्यत सुरू होण्याच्या थोडं आधी पिटची भिंत ओलांडताना ते पडले आणि खांदा निखळला. उरलेल्या दोघांनी, आंद्रे लोटरर आणि चार्ल्स झ्वोल्समन यांनी, चोवीस तास वाटून घेतले आणि गाडी सातवी आणली. लोटररचा तो दम ऑडीच्या डोळ्यांत भरला. पुढं ऑडीच्या कारखाना-संघातून त्यानं ल माँ तीनदा जिंकली: २०११, २०१२, २०१४. ल माँमधला पहिला भारतीय हा मान २०१२ मध्ये करुण चंडोककडे गेला; डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक यांच्यासह तो सहावा आला.

कार्तिकेयन कार्टिंगच्या वाटेनं आले नव्हते. त्यांच्या पिढीत पोरं थेट फॉर्म्युला मारुतीत बसायची. २०२१ च्या फेब्रुवारीत आशियाई ल माँ मालिकेत दुबई आणि अबू धाबीला 'रेसिंग टीम इंडिया'ची गाडी उतरली तेव्हा तिच्यात चव्वेचाळीस वर्षांचे कार्तिकेयन, तेवीस वर्षांचा अर्जुन मैनी आणि नवीन राव असे तिघं होते. दोन पिढ्या एकाच सीटवर, फक्त इन्सर्ट वेगळे. अर्जुन त्याच वर्षी जर्मनीच्या डीटीएम मालिकेत गेला, तिथला पहिला भारतीय म्हणून. वयाचं बंधन हा खेळ तसाही फारसा मानत नाही. पुण्याचे संजय टकले यांनी पन्नाशी ओलांडल्यावर, २०२५ च्या जानेवारीत, सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक रॅली पूर्ण केली. तो प्रकार वेगळा, पण दमसास तोच.

रायपूरच्या त्या घरातल्या विषयाकडे परत यायचं तर, पहिला खर्च कोटींचा नाही. आधी कुठल्या तरी भाड्याच्या कार्टवर पोराला दहा-बारा वेळा बसवावं आणि घड्याळ लावावं. सगळ्यात वेगवान लॅप किती, याहून ओळीनं दहा लॅप किती सारख्या आल्या हे जास्त बघावं. आकडे जवळ जवळ येत असतील तर मग कोल्हापूर. पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस रायपूरला थांबते, पुण्याहून पुढं कोल्हापूर गाठायचं. कार्ट, टायर, मेकॅनिक हे सगळं संघाकडून भाड्यानं मिळतं. हेल्मेट आणि रिब प्रोटेक्टर मात्र स्वतःचे हवेत. रिब प्रोटेक्टर म्हणजे बरगड्यांभोवती घालायचं कडक जाकीट, कारण कार्टची सीट वळणावळणावर बरगड्यांनाच मारते. तो घेताना शाळेच्या गणवेशासारखा वाढत्या अंगाचा घेऊ नये. सैल झाला तर त्याचा उपयोग नाही. दर वर्षी नवा घ्यावा लागतो.