माहिती प्रणालीचा पहिला धडा

दिल्लीलगतच्या नोएडाची स्थापना १७ एप्रिल १९७६ रोजी औद्योगिक नगरी म्हणून झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे एक केंद्र आज तेथील सेक्टर ६२ मध्ये असून संगणक शिक्षणाच्या अनेक संस्थाही या नगरीत आहेत. अशा संस्थांत ‘माहिती प्रणाली’ हा विषय प्रथमच शिकणारा विद्यार्थी बहुधा ‘प्रणाली म्हणजे संगणक’ अशी समजूत घेऊन येतो. ती दूर करणे हे प्राध्यापकांचे पहिले काम होय.

त्यासाठी एटीएमचे उदाहरण उपयुक्त ठरते. खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु नोटा बाहेर आल्या नाहीत. येथे यंत्र व आज्ञावली अपुरी पडली, तरी प्रणाली संपली नाही. यंत्रातील रोकड आणि खात्यावरील नोंदी यांचा मेळ घालणारा कर्मचारी व त्याने पाळावयाची कार्यपद्धती हीदेखील तिचीच अंगे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत खात्यात परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, देणे बँकेवर बंधनकारक आहे.

यंत्रसामग्री, आज्ञावली, नोंदी, कार्यपद्धती आणि माणसे या पाच अंगांची ओळख विद्यार्थ्याला अशा एकाच व्यवहारातून होते. ग्राहकाने जपून ठेवलेली पावती आणि कर्मचाऱ्याने वेळेवर घातलेला मेळ यांवरही प्रणालीची विश्वासार्हता अवलंबून असते.