कोल्हापूरचं ऊन आणि मिनिटांचा हिशेब

२५ जून हा जागतिक कोड दिन. कोल्हापुरात या सुमाराला आभाळ भरून आलेलं असतं. नव्वदच्या दशकात इथल्या कोडाच्या रुग्णांचे उपचार नेमके याच दिवसांत थांबायचे, कारण त्यांचं अर्धं औषध सूर्याकडे होतं. आता शहरात प्रकाश बारमाही विकत मिळतो. लाल-निळ्या दिव्यांचे मुखवटे, सिटिंगचं पॅकेज, सुरकुत्यांपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर तोच उतारा. कोणत्या आजारावर, किती प्रकाश, किती वेळ, हे मात्र कुणी सांगत नाही. खुपतं ते हेच.

नव्वदच्या आधीचा काळ झरझर ओलांडता येतो. त्वचेच्या क्षयावर प्रकाश वापरणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं. बावचीचं बी आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यातल्या सोरॅलेनच्या कुळातलं औषध आणि अतिनील किरणं यांची जोडी १९७४ साली अमेरिकेत सोरायसिसवर गुणकारी ठरली. यंत्र महाग, ऊन फुकट. म्हणून भारतात यंत्राची जागा सूर्याला मिळाली आणि कोडावर ‘पुवासोल’ रूढ झालं.

नाश्ता करून सोरॅलेनची गोळी घ्यायची आणि दोन तासांनी गच्ची गाठायची. पेठांमधल्या खेटून उभ्या घरांत गच्ची म्हणजे चार शेजाऱ्यांची नजर. बायका जिन्याच्या आडोशाला पाठमोऱ्या बसून पदर सरकवायच्या, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवायच्या. सुरुवातीला मोजकी मिनिटं, मग हळूहळू वाढ. हिशेब चुकला की कातडीवर फोड. दिवस मावळेपर्यंत काळा चष्मा. महिनोन्महिने काहीच दिसायचं नाही. मग एखाद्या सकाळी पांढऱ्या डागात, केसाच्या मुळाशी, तिळाएवढा तपकिरी ठिपका उमटलेला असायचा. असे ठिपके पसरून एकमेकांना भिडले की डाग भरायचा. चेहरा त्यातल्या त्यात लवकर, बोटांची टोकं बहुतेक वेळा नाहीच. चांगले डॉक्टर हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचे. तेवढ्यात मृग लागायचा आणि सगळं अडायचं.

पाऊस परवडला, पण ‘पांढरे डाग, खात्रीशीर इलाज’ असं भिंतीभिंतींवर रंगवणाऱ्यांनी केलेलं नुकसान भरून येणारं नव्हतं. कोडावरच्या इलाजाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे, तरी भिंती रंगत राहिल्या. डाग बघून महारोगाची कुजबुज करणारे आणि जमलेली सोयरीक मोडणारेही तितकेच दोषी. कोड संसर्गाने पसरत नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

पुढे पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ने हा विषय पडद्यावर आणला. दवाखान्यांत ३११ नॅनोमीटरच्या अतिनील ‘बी’ दिव्यांच्या उभ्या पेट्या आल्या. गोळी गेली, दिवसभराचा चष्मा गेला. मुलांना आणि गरोदर बायकांनाही हा उपचार देता येऊ लागला. गच्ची सुटली, हे उत्तमच झालं. हळहळ वाटते ती मिनिटांच्या त्या शिस्तीची, आणि काय होईल, काय होणार नाही हे बसवून सांगणाऱ्या डॉक्टरांची.

लाल-निळ्या प्रकाशात तथ्य नाही, असं मुळीच नाही. नवजात बाळाची कावीळ निळ्या प्रकाशाने उतरते. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, तिथे लाल लेसरचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण दोन्हीकडे आजार ठरलेला आणि मात्रा मोजलेली असते.

गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या रुग्णाला मात्र आजही आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कित्येक महिने, पेटी असलेल्या दवाखान्यापर्यंत जावं लागतं. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. ब्रिटनमध्ये ५१७ जणांवर झालेल्या चाचणीत हातात धरायचा छोटा अतिनील दिवा घरी वापरून पाहिला गेला. मलमाच्या जोडीला तो दिल्यावर नुसत्या मलमापेक्षा गुण जास्त आला. असे दिवे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ग्रामीण रुग्णालयांतून घरी नेता यावेत, आणि १९५४ चा कायदा आजच्या खात्रीशीर जाहिरातींना तरी लावला जावा.