नावं वाचत गेलेली वर्षं

२०१८ साली आई-बाबा साताऱ्याजवळचं आमचं गाव सोडून बंगळूरला आमच्याकडे राहायला आले. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार. नव्या शहरात त्यांचा जीव कसा रमणार, ही काळजी मला होती. पण आमचं घर हेब्बाळला. हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे सकाळी फिरायला गेले की बाबांना कुणी ना कुणी फौजी भेटायचा. आणि त्याच वर्षी हेब्बाळमध्ये एक दगड सापडला. पुढची सगळी वर्षं आम्ही घरातली माणसं बाबांबरोबर एकामागून एक युद्धस्मारकं पाहत हिंडलो, त्याची सुरुवात त्या दगडापासून झाली.

गटाराच्या खोदकामात निघालेला हा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. काळ साधारण इसवी सन ७५०, गंग राजा श्रीपुरुषाच्या राजवटीतला. बंगळूर शहरात आजवर मिळालेला हा सगळ्यात जुना कन्नड शिलालेख. पेर्बोळल-नाडू नावाच्या तीस गावांच्या मुलखावर रट्टवाडीकरांची धाड आली, तेव्हा कित्तय्या नावाचा माणूस लढला आणि पडला, असं त्यावर कोरलेलं आहे. रट्टवाडी म्हणजे राष्ट्रकूटांचा मुलूख, असं अभ्यासक मानतात. त्यांच्या दंतिदुर्ग राजाचा हा काळ, ज्याचा लेख वेरूळच्या दशावतार लेण्यात आहे.

म्हणजे कित्तय्याला मारणारे आमच्याच बाजूने आलेले! माझ्या मुलीने लगेच विचारलं, "आजोबा, मग आपण इथे नमस्कार कसा करायचा?" बाबांनी चपला बाजूला काढल्या आणि सावधान होऊन सॅल्यूट केला. म्हणाले, "बाळा, तो आपलं गाव राखत होता. समोर कोण होतं, याच्याशी नमस्काराचा संबंध नसतो." १९७१च्या डिसेंबरात बाबा पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, जमालपूरच्या लढाईत होते. शरण या, म्हणून आपल्या ब्रिगेडियरने पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने उत्तर पाठवलं, ते बंदुकीची गोळी गुंडाळून. ती हकीकत बाबा सांगतात तेव्हाही समोरच्या बलुच पलटणीबद्दल त्यांच्या तोंडून वावगा शब्द येत नाही.

मग मेखरी सर्कलपलीकडे जे. सी. नगरमधलं म्हैसूर लान्सर्सचं स्मारक पाहिलं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी तोफा आणि मशिनगनच्या माऱ्यात हैफा शहर घेतलं. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला हैफाचं नाव आहे, ते याच लढाईवरून. तिथे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या हजारो लोकांपैकी कितींना ते ठाऊक असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. पुढे बंगळूरच्याच प्लॅनेटोरियमजवळच्या राष्ट्रीय सैनिक स्मारकात बाबांना सगळ्यात आवडला तो ७५ फुटी एकसंध दगड. त्याला तिथे वीरगल्लूच म्हणतात. तो पाहून बाबांना गावच्या देवळामागचे वीरगळ आठवले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर कलश. लहानपणी त्या दगडांवर बसून सुपाऱ्या फोडल्या, हे सांगताना त्यांना फार अपराधी वाटत होतं.

या सगळ्या हिंडण्यात माझ्या मनावर कोरली गेली ती दिल्लीची भेट. राष्ट्रीय समर स्मारकाचं उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ला झालं, त्याच वर्षीच्या थंडीत आम्ही गेलो. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार चक्रं. त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं, एकेक ग्रॅनाइटच्या विटेवर एकेक माणूस. बाबा मराठा पलटणीची नावं शोधत भिंतीला अगदी लागून चालत होते. एका विटेपाशी थांबले. चष्मा पुसला. आणि हजेरी घेताना पुकारतात तसं ते नाव त्यांनी मोठ्याने पुकारलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. आजूबाजूची माणसं गप्प झाली. आई माझ्या कानात म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, यातलं एक नावही घरात ऐकलं नव्हतं गं."

संध्याकाळी बाबा बोलायला लागले. अमका कबड्डीत कुणाच्या हाती लागत नसे. तमक्याला वाचता येत नव्हतं, त्याच्या बायकोची पत्रं बाबाच त्याला वाचून दाखवत. शेवटचं पत्र तो गेल्यावर आलं. ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून न फोडताच परत पाठवलं. माझी मुलगी पुढे कितीतरी दिवस त्या पत्राबद्दल विचारत राहिली.

मधे करोनाची दोन वर्षं घरातच गेली. पुन्हा बाहेर पडलो ते गावच्या वाटेवर. बेळगावला बाबांचं रेजिमेंटल सेंटर, तिथे त्यांना कौतुकाने चहा मिळाला. पुढे साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. इंग्रजांनी अशा गावांतून पाट्या लावल्या, त्यांवर बहुधा आकडेच असत: इतके गेले, इतके पडले.

तेव्हापासून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. आठव्या शतकातल्या एका लहानशा मुलखाने आपल्या माणसाचं नाव दगडावर घातलं, आणि जगभर पसरलेल्या साम्राज्याने या पाट्यांवर आमच्या माणसांची फक्त मोजदाद केली. कुणी कितीही मोठी कमान उभारो, ज्या स्मारकावर साध्या शिपायाचं नाव नाही, ते मला अपुरंच वाटतं. याच बंगळुरात १७९१च्या वेढ्यात पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांचा स्मारकस्तंभ होता. १९६४ साली तो पाडला गेला आणि शहराला त्याची उणीव भासली नाही. उलट बेगूरच्या नागेश्वर मंदिरातला वीरगळ पाहा. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या 'बेंगळूरच्या लढाई'त पडलेल्या बुट्टणसेट्टीचा तो दगड. या शहराचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं, ते त्याच्याच मृत्यूच्या नोंदीत.

बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, लांबचे प्रवास थांबलेत. हेब्बाळच्या वीरगळापर्यंत मात्र ते अजून येतात. पाहुणे आले की माझी मुलगीच त्यांना कित्तय्याची गोष्ट सांगते.

वाचकहो, घरात किंवा शेजारी कुणी म्हातारा फौजी असेल तर त्याला एकदा स्मारकावर घेऊन जा आणि त्याला बोलू द्या. घाई करू नका. आणि गावी जाल तेव्हा देवळामागे, पाणवठ्यावर, धुण्याच्या जागी नीट पाहा. पालथा पडलेला वीरगळ दिसला तर ग्रामपंचायतीला सांगा, पुरातत्त्व विभागाला कळवा आणि जाणत्या माणसाच्या हातून तो उभा करून घ्या.